त्याग : वाहिलेला आणि लादलेला

ख्रिस्ती श्रद्धेच्या केंद्रस्थानी एक मृत्युदंड आहे. रोमन सत्ता गुलामांना आणि बंडखोरांना वधस्तंभावर चढवीत असे. तीच शिक्षा येशूला झाली, आणि त्याच्या अनुयायांना त्या लाकडावर देवाचे प्रेम दिसले. योहानकृत शुभवर्तमानात येशू म्हणतो की, माझा प्राण कोणी हिरावून घेत नाही, तो मीच देतो. ख्रिस्ती त्यागाची पहिली अट इथेच ठरते : देणारा स्वतंत्र हवा.

या मरणाचा अर्थ लावताना धर्मपंडितांचे मतभेद झाले. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचे आर्चबिशप अन्सेल्म यांनी तो ऋणाच्या भाषेत मांडला. पापाने देवाचा सन्मान भंगला, त्याची भरपाई माणसाच्या आवाक्याबाहेरची, म्हणून देवच माणूस झाला. पुढच्या पिढीतल्या पीटर अबेलार्ड यांचा भर निराळा होता : वधस्तंभावरचे प्रेम पाहून माणसातले प्रेम जागे होते. अबेलार्ड यांचे म्हणणे माणसांच्या चरित्रांत पडताळून पाहता येते.

हवाई बेटांच्या राज्यात १८६५च्या कायद्याने कुष्ठरुग्णांना वेगळे काढून मोलोकाई बेटावर पाठवले जाऊ लागले. १८७३ मध्ये बेल्जियमचे फादर डेमियन स्वेच्छेने तिथे गेले. त्यांनी जखमा धुतल्या, घरे बांधली, शवपेट्या केल्या, कबरी खणल्या. रोग जडण्याच्या कितीतरी आधीच ते पत्रांत स्वतःला त्या रुग्णांपैकीच एक मानून लिहीत. पुढे त्यांनाही कुष्ठरोग झाला आणि १८८९ मध्ये ते तिथेच वारले.

ऑशविट्झच्या छळछावणीतून जुलै १९४१ मध्ये एक कैदी निसटला, तेव्हा शिक्षा म्हणून दहा जणांना उपाशी मारायचे ठरले. त्यांपैकी फ्रान्सिशेक गायोव्हनिचेक बायकामुलांच्या आठवणीने आक्रोश करू लागले. पोलिश धर्मगुरू मॅक्सिमिलियन कोल्बे रांगेतून पुढे आले आणि त्यांनी ती जागा स्वतःसाठी मागून घेतली. १४ ऑगस्टला विषारी इंजेक्शन देऊन त्यांना मारण्यात आले. १९८२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी कोल्बे यांना हुतात्मा संत घोषित केले, तेव्हा गायोव्हनिचेक समोर हजर होते. श्रद्धेच्या द्वेषातून मारला गेलेला तो हुतात्मा, ही रूढ कसोटी होती. शेजाऱ्यासाठी मरण पत्करणाऱ्या कोल्बे यांनाही त्या दिवशी हुतात्मा मानले गेले.

या परंपरेला एक धोकाही आहे. त्यागाचा उपदेश बहुधा त्यांनाच ऐकवला जातो, ज्यांच्याजवळ सोडण्यासारखे काही उरलेले नसते. १९६० मध्ये व्हॅलरी सेव्हिंग या अमेरिकन अभ्यासक स्त्रीने हे नेमके दाखवले : अहंकारी माणसाला नम्रता शिकवणे ठीक, पण इतरांच्या गरजांत आधीच विरघळून गेलेल्या बाईला तोच उपदेश आणखी पुसून टाकतो.

ख्रिस्ती समाजसुधारक पंडिता रमाबाईंना हे त्याआधीच कळले होते. बालविधवांचे केशवपन, अर्धपोटी जगणे आणि घरातली राबणूक यांना व्रताचे नाव देणारा समाज त्यांनी पाहिला होता. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढून त्यांनी त्या मुलींच्या हाती पुस्तके दिली. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून त्यांनी उपाशी मुली केडगावला आणल्या, त्यांना अक्षरे आणि कामधंदा शिकवला. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालू ठेवले. रमाबाईंनी स्वतःचे आयुष्य वेचले, ते इतर स्त्रियांना सक्तीच्या त्यागातून सोडवण्यासाठी.

डेमियन, कोल्बे आणि रमाबाई यांच्यापैकी कोणीही दुःखाची उपासना केली नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर जिवंत माणसे होती आणि ती वाचावीत, माणसासारखी जगावीत, एवढेच त्यांना हवे होते. म्हणून त्यागाची स्तुती कानी पडली की प्रत्येकाने विचारावे : हा कोणी केला, कोणासाठी केला, कोणाच्या मर्जीने केला? दुर्बलाकडून वसूल केलेल्या त्यागाला ख्रिस्ताचे नाव देता येत नाही.