गुऱ्हाळावरचा मुक्काम

कोल्हापुरी गूळ कुठल्याही वाण्याकडे मिळतो, पण तो समजून घ्यायचा तर गावात मुक्कामालाच जावं लागतं. गुऱ्हाळ पहाटे, अंधार असतानाच पेटतं. उसाच्या रसाचं पहिलं आधण उतरताना पाहायचं असेल तर शहरातल्या लॉजवर झोपून ते साधत नाही. शेतकऱ्याच्याच घरी, सोप्यात अंथरूण टाकून रात्र काढावी लागते आणि घरातलं माणूस उठलं की आपणही उठावं लागतं.

हल्ली आपल्याकडची मंडळी चिकमगळूर, कोडगूला जातात, कॉफीच्या मळ्यात राहतात, मिरवेलीखालून हिंडतात, लाल फळं हातात घेऊन फोटो काढतात. जावंच. बाबा बुदनच्या डोंगरावर कॉफी रुजल्याची कहाणी आणि त्या झाडांची सावली दोन्ही अनुभवण्यासारख्या आहेत. पण मळ्यातलं ते फळ कपात येईपर्यंत फार मोठा प्रवास करतं. साल काढायची, आंबवायचं, धुवायचं, कित्येक दिवस उन्हात वाळवायचं. मग ते दुसऱ्या गावच्या कारखान्यात जातं, आणि भाजलं जातं ते तिसऱ्याच शहरात. पाहुण्याला त्यातला एखादाच टप्पा दिसतो. कोल्हापूरच्या भोगावती नदीच्या काठावर मात्र आदल्या दिवशी फडात उभा असलेला ऊस दुसऱ्या दिवशी सकाळी गूळ होऊन आपल्या हातावर येतो. कच्च्या मालापासून खाण्याजोग्या वस्तूपर्यंतचं सगळं एका छपराखाली, पाहुण्याच्या डोळ्यांसमोर घडतं. शेती पाहायला निघालेल्या माणसाला यापेक्षा पूर्ण असं काही दाखवता येईल, असं मला वाटत नाही. २०२० साली महाराष्ट्र शासनाने कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. शेतकऱ्याच्या घरी राहण्याला त्यामुळे सरकारदरबारी नाव मिळालं. गुऱ्हाळावर मात्र पाहुणा त्याच्या कितीतरी आधीपासून येतोच आहे.

मी राहिलो ते घर करवीर तालुक्यातलं. पुढे सोपा, मागे गोठा, गोठ्यात म्हशी. घरात आबा, त्यांचे दोन मुलगे, सुना, नातवंडं. रात्री चुलीपुढे वहिनी म्हणाल्या, "बसा पावनं, भाकरी टाकतो गरम गरम." भाकरी, खर्डा, आमटी, दही, आणि ताटाच्या कडेला वाटीत काकवी. भाकरीचा तुकडा आधी खर्ड्यात आणि मग काकवीत बुडवायचा, हे नातवाने करून दाखवलं. आबांनी जेवता जेवताच दुसऱ्या दिवशीचा हिशोब सांगून टाकला : कुठल्या फडातला ऊस तोडून आणलाय, किती आधणं होतील, गूळ करणारा गुळव्या किती वाजता येणार. तोडलेला ऊस एका दिवसाच्या आत गाळलाच पाहिजे, याच्यावर त्यांचा भर होता. तो पडून राहिला की आतली साखर फुटते आणि गूळ धरत नाही. घरातल्या सगळ्यांचं वेळापत्रक या एका गोष्टीभोवती फिरतं. सोयरीक जुळवायची बोलणीसुद्धा फडाला तोड नसेल त्या दिवशी ठेवतात.

पहाटे गुऱ्हाळावर पोचलो तेव्हा चुलवाण पेटलेलं होतं. जळण म्हणून चिपाडच, म्हणजे रस काढून झालेल्या उसाचा उरलेला चोथा, उन्हात वाळवलेला. जळव्या खाली भट्टीच्या तोंडाशी बसून तो सारखा आत सारत होता. जाळ कमी-जास्त करणं त्याच्या हातात, पण हुकूम वरून येतो. वर काहिलीशी गुळव्या उभा असतो. आठ-नऊ फूट व्यासाच्या त्या पसरट लोखंडी काहिलीत दीड-दोन टन उसाचा रस असतो आणि तो उतरायला अडीच-तीन तास लागतात.

उसाचा रस काढणारा चरक आता मोटारीवर चालतो. आबांच्या लहानपणी तो बैलांवर होता. बैल गोल फिरायचे, एक पोरगं त्यांच्या मागे, आणि एक जण बसून चरकात ऊस घालायचा. त्याच्याही आधी लाकडी घाणे होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लोखंडी चरक आले, पुढे किर्लोस्करवाडीतही ते बनू लागले, आणि मग ऑइल इंजिनांनी बैलांची सुटका केली. ती इंजिनं बनवण्यात, दुरुस्त करण्यात कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीने नाव काढलं. गुऱ्हाळ आणि उद्यमनगर ही एकमेकांच्या आधाराने वाढलेली दोन घरं आहेत. शेतकऱ्याचा चरक अडला की मेस्त्री रात्रीतही यायचा, कारण फडातला तोडलेला ऊस सकाळपर्यंत थांबत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

रस तापू लागला की त्यावर काळपट मळी येते. त्याच वेळी गुळव्या भेंडीचं पाणी घालतो. रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात भिजवली की त्यांना बुळबुळीत चिकट द्रव सुटतो. तो रसातला बारीक गाळ धरून वर आणतो. मग मोठ्या झाऱ्याने मळी काढत राहायचं. थोडी चुन्याची निवळी जाते, ती रसातला आंबटपणा मारायला. चुना कमी पडला तर गूळ मऊ राहतो, जास्त झाला तर काळा पडतो. किती घालायचा याचं माप कुठे लिहिलेलं नाही. नदीकाठच्या गाळाच्या रानातला ऊस वेगळा, माळाचा वेगळा, युरिया जास्त झालेल्या फडाचा तर फारच वेगळा. गुळव्या रसाकडे बघतो, झाऱ्यावरून ओघळणारी धार बघतो आणि ठरवतो.

नंतर काहील उसळू लागते. फेस काठापर्यंत चढला की शेंगतेलाचे चार थेंब टाकतात आणि तो बसतो. रंग हिरवट करड्यावरून पिवळा, मग सोनेरी, मग तांबूस होत जातो, बुडबुडे लहानाचे मोठे होतात, वास बदलतो. १०५-१०६ अंशांना उतरवलं तर काकवी. घट्ट गूळ हवा असेल तर ११६-११८ अंशांपर्यंत जावं लागतं. हे आकडे संशोधन केंद्राचे. गुळव्याच्या हातात थर्मामीटर नव्हता. त्याने पाक काठीवर घेतला, गार पाण्याच्या भांड्यात सोडला, बोटांनी गोळी वळली, ती काहिलीच्या कडेवर मारली. टण्ण वाजली. "सोडा!" म्हणाला, आणि एका क्षणात सगळी माणसं हलली. जाळ तोडला, काहील उचलली, ओढली, वाफ्यात रिकामी केली. इथे अर्धा मिनिट उशीर झाला तर पाक करपतो आणि आतापर्यंतच्या सगळ्या राबण्यावर पाणी पडतं. वाफ्यात तो ढवळत ढवळत निवू द्यायचा. दाणा धरला की आत फडकं घातलेल्या बादल्यांत भरायचा. काही तासांनी बादली पालथी केली की रवा, म्हणजे गुळाची ढेप, निघतो. ३० किलोचा रवा ही इथली जुनी ओळख. आता दहा, पाच, एक किलोचेही रवे होतात.

गुळव्याला सगळे मामा म्हणत होते. त्यांचे वडील हेच करायचे. त्यांना मी विचारलं, नवीन पोरं शिकतात का? "पोरं येत्यात की, पर उनात आन् वाफंत दोन म्हैनं टिकत न्हाईत. आन् ह्ये दोन म्हैन्यात यीत बी न्हाई." आधणामागे मजुरी मिळते, हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यात संपतो, उरलेल्या दिवसांत दुसरं काम शोधावं लागतं. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. या मातीचं, या पाण्याचं नाव कायद्याने राखलं गेलं, याचा मला अभिमान आहे. पण ती माती आणि ते पाणी गुळापर्यंत पोचतं या मामांसारख्यांच्या बोटांमधून, आणि त्या बोटांसाठी अजून कुठलंही प्रमाणपत्र नाही, शाळा नाही, पेन्शन नाही.

हा धंदा इथे एवढा का वाढला, याचं उत्तर नदीत आहे आणि राजर्षी शाहूंच्या कामात आहे. १८९१ साली कोल्हापूर मिरजेशी रेल्वेने जोडलं गेलं. १८९५ साली महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि गुळाला घरचा बाजार मिळाला. भोगावतीवर राधानगरीचं धरण घातलं. नदीत ठिकठिकाणी फळ्या घालून पाणी अडवणारे बंधारे याच जिल्ह्यात रुजले आणि पुढे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे म्हणून सगळीकडे गेले. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांच्या काठाला बारमाही पाणी आलं आणि उसाचा पट्टा तयार झाला. त्याच पट्ट्यात पुढे साखर कारखाने उभे राहिले आणि तिथपासून गुऱ्हाळं कमी होत गेली. कारखान्याला ऊस दिला की तोडणी-वाहतूक त्यांची, दर सरकारने बांधलेला, चौदा दिवसांत पैसे द्यायचा कायदा. गुऱ्हाळाला मजूर शेतकऱ्याने जमवायचे, जोखीम त्याची, दर बाजाराचा. तरीही ज्यांच्याकडे गुऱ्हाळ आहे ती घरं ते सहजी मोडत नाहीत. रोख पैसा लवकर हातात येतो हे एक कारण. दुसरं कारण आबांनी सांगितलं : "कारखान्याला ऊस घातला की तो कुणाचा, काय कळत न्हाई. ह्यो रवा माझ्या फडाचा हाय."

दुपारी आबांच्या थोरल्या मुलाच्या, दादांच्या गाडीतून आम्ही मार्केट यार्डात गेलो. सौद्याच्या ओळीत शेकडो रवे मांडलेले. अडते, व्यापारी, हमाल, तोलाईदार. कोल्हापूरच्या गुळाचं मोठं गिऱ्हाईक गुजरात आहे. तिथल्या पेठेला गूळ पिवळा लागतो, आणि जितका पिवळा तितका दर चढा. व्यापारी रव्याच्या कडेचा टवका काढतो, पाहतो, बोटांत चुरतो, क्वचित जिभेवर ठेवतो. मी उभा होतो त्या ओळीत तरी चवीने दर ठरताना दिसला नाही, रंगानेच ठरला. सगळ्या मुक्कामात मला सर्वांत जास्त टोचलं ते हेच.

कारण पिवळा रंग काहिलीतून आपोआप येत नाही. मळी स्वच्छ काढून, नीट चुना घालून केलेला गूळ सोनेरी ते तांबूस असतो. त्याहून पिवळा हवा म्हणून हायड्रोस पावडर घालतात, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. ती रंग उडवते, आणि गुळात गंधक मागे ठेवते. अन्नसुरक्षेच्या नियमांत सल्फर डायऑक्साइड दहा लाखांत ७० भागांपर्यंतच चालतो. शिवाय तो रंग टिकतही नाही. काही आठवड्यांत गूळ पुन्हा काळवंडतो, तोवर सौदा झालेला असतो. पावडर न घालणाऱ्या शेतकऱ्याचा रवा ओळीत तांबूस दिसतो आणि क्विंटलमागे दर पडतो. पावडर घालणाऱ्याला नावं ठेवायचा अधिकार शहरातल्या आपल्याला नाही, कारण दुकानात उभं राहून "जरा पिवळा द्या" म्हणणारे आपणच आहोत. आणि गुऱ्हाळवाल्याला पावडर सोडायला सांगणारी पत्रकं कितीही काढली, तरी गिऱ्हाईक बदलल्याशिवाय हे सुटणार नाही.

म्हणून मला मुक्कामी पाहुण्याचं एवढं मोल वाटतं. रात्री त्या घरात जेवलेला, पहाटे वाफेत उभा राहिलेला, गरम गुळात उसाचं कांडं बुडवून खाल्लेला माणूस परत गेल्यावर पिवळा गूळ मागत नाही. त्याने खरा रंग डोळ्यांनी पाहिलेला असतो. दादांनी हे माझ्याआधी ओळखलं होतं. गेल्या दोन हंगामांत त्यांच्याकडे पुण्या-मुंबईची काही कुटुंबं राहून गेली. त्यांच्यासाठी ते ठरावीक आधणं पावडरीशिवाय काढतात, एक-एक किलोचे रवे करतात, आणि ते सौद्याला न नेता घरूनच जातात. दर चांगला मिळतो, पण माल थोडाच खपतो. बाकीचं सगळं अजून पेठेवरच अवलंबून आहे.

यात अडचणीही आहेत. घरातल्या बायकांवर कामाचा बोजा वाढतो. पाहुण्यांची अंथरुणं, चहा, दोन वेळचा स्वयंपाक, आणि धारा तर चुकत नाहीतच. वहिनींनी हसत हसत पण स्पष्ट सांगितलं की एका वेळी दोनपेक्षा जास्त कुटुंबं त्या घेत नाहीत. पाहुण्यांच्या पैशाचा हिशोबही त्याच ठेवतात, वही वेगळी. हे बरोबरच आहे. आणि नदी जवळ असणं हे वरदान तसं संकटही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात काठचे फड दिवसच्या दिवस पाण्याखाली राहिले. असा बुडलेला ऊस पोकळ पडतो आणि त्याचा गूळ धड धरत नाही. त्या वर्षांचं बोलणं निघालं की आबा गप्प होतात.

उसाच्या जातीवर मात्र घरात वाद रंगतो. धाकट्या भावाला फुले २६५ हवी, कारण ती वजनाला भारी, कारखान्याला घालायला सोयीची. दादांना को ९२००५ हवी, गुळाला चांगली म्हणून. कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्राच्या शिफारशी दोघांनाही पाठ आहेत आणि दोघंही त्या आपल्याच बाजूने सांगतात. मी निघालो त्या सकाळी तडजोड झाली होती : येत्या लागणीला नदीकडच्या अर्ध्या एकरात ९२००५, त्या तुकड्याला युरिया बेताचा, आणि त्याचा सगळा गूळ पावडरीशिवाय, पाहुण्यांसाठी. मामांनीही होकार दिला, एका अटीवर. थोरल्या नातवाने सुट्टीत झारा हातात घ्यायचा. तो दहावीला आहे. त्याच्या आईने विचार करून सांगतो म्हटलंय.