सिसिलीची पाटवडी आणि दारावरचा कागद

मागच्या वेळी आपण घरगुती खानावळीचा हिशोब पाहिला. आज तुम्हाला जरा लांब घेऊन जाते. नकाशात इटली देश बुटासारखा दिसतो. त्या बुटाच्या टोकाशी समुद्रात जो तिकोनी तुकडा पडलाय, ते सिसिली बेट. मी तिथे गेलेली नाही, हे आधीच सांगते. आमच्या गटातल्या एका ताईंचा मुलगा प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात कामाला आहे. त्यांचं जहाज पालेर्मो बंदराला लागतं. सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला, "मावशी, तिथे रस्त्यावर आपली पाटवडी तळून पावात घालून देतात." झालं, मी वाचायला बसले.

खरंच पाटवडी आहे ती. तिला 'पानेल्ले' म्हणतात. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात कालवायचं, मीठ घालायचं आणि पिठल्यासारखं घोटत घट्ट शिजवायचं. वरून कोथिंबिरीसारखा दिसणारा पार्सली नावाचा पाला चिरून घालायचा. गरम असतानाच थापायचं, गार झालं की वड्या कापून तेलात तळायच्या. तीळ लावलेल्या पावात भरून वर लिंबू पिळलं, की झालं कष्टकऱ्याचं जेवण. फोडणी नाही, हळद नाही, मिरची नाही. आपल्या जिभेला फिकं लागेल, पण उपाशी माणसाचं पोट कमी पैशात भरतं. पालेर्मोच्या बाल्लारो बाजारात हे आजही हातगाड्यांवर मिळतं. शेजारीच भाताचे गोळे तळत असतात. त्यांना पालेर्मोत 'आरांचिना' म्हणतात आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाला, कातानियात, 'आरांचिनो'. खरं नाव कोणतं यावर दोन्ही शहरं भांडतात. मोदकाच्या कळ्या किती असाव्यात यावर आपण भांडतो, तसंच.

तेरा डिसेंबरला सेंट लुसीचा सण असतो. त्या दिवशी पालेर्मोची माणसं पाव खात नाहीत, पास्ताही नाही. दुष्काळात बंदराला धान्याचं जहाज लागलं आणि लोकांनी दळायची वाट न पाहता गहू तसाच शिजवून खाल्ला, अशी आख्यायिका आहे. म्हणून त्या दिवशी अख्खे गहू उकडून, त्यात ताजं गोड चीज घालून 'कुच्चिया' करतात. गव्हाची खीर करणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको. पश्चिमेकडे त्रापानी गाव आहे, तिथे समुद्रकाठी मिठागरं आणि पवनचक्क्या आहेत. तिथल्या बायका मातीच्या पसरट परातीत रव्यावर पाण्याचे शिंतोडे मारत बोटांनी बारीक दाणे वळतात आणि वाफवून माशाच्या कालवणाबरोबर वाढतात. हे कुसकुस. वळायची रीत वाचताना मला आजीचे गव्हले आठवले.

आता प्रश्न येतो, की इटलीत कुसकुस कुठून आलं? समुद्रापलीकडे आफ्रिका आहे म्हणून. या बेटावर ग्रीक आले, रोमन आले. ८३१ साली अरबांनी पालेर्मो घेतलं, १०७२ साली उत्तरेकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी. अरबांनी लिंबू, ऊस आणि पाटाच्या पाण्याची शेती आणली. नॉर्मन राजांनी अरब कारागिरांना हाकललं नाही, कामाला ठेवलं. पालेर्मोच्या राजवाड्यातलं देऊळ पाहा. भिंतींवर ग्रीक पद्धतीची सोनेरी चित्रं, डोक्यावर अरबी सुतारांनी कोरलेलं लाकडी छत, आणि प्रार्थना ख्रिस्ती. त्याच राजवाड्यात ११४२ सालचा पाणघड्याळाचा शिलालेख आहे, लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तीन भाषांत. सिराक्यूज शहरातल्या मोठ्या चर्चच्या भिंतीत अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक देवळाचे खांब अजून तसेच उभे दिसतात. आग्रिजेंतोची देवळं, एटना हा जागा ज्वालामुखी, हेही लोक बघायला जातात. पण मला सांगायची आहे ती गोष्ट देवळांची नाही.

सिसिलीत माफिया म्हणून गुंडांच्या टोळ्या. दुकान असो, हॉटेल असो, कारखाना असो, दर महिन्याला हप्ता द्यायचा. त्याला तिथे 'पिझ्झो' म्हणतात. आपण खातो त्या पिझ्झाशी याचा संबंध नाही. चोच या अर्थाच्या शब्दावरून तो आला असं म्हणतात. तुझ्या ताटात आमची चोच बुडवू दे, असा त्याचा भाव. म्हणजे पर्यटकाने पानेल्ले घेतले, तर त्यातले काही पैसे चोचीत जायचे आणि खाणाऱ्याला पत्ताही नसायचा.

पालेर्मोत लिबेरो ग्रास्सी नावाचे कापड-धंद्यातले उद्योजक होते. त्यांच्या कारखान्यात शंभराच्या आसपास माणसं कामाला. जानेवारी १९९१ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहून हप्ता मागणाऱ्याला कळवलं, की मी पैसे देणार नाही. बाकीचे उद्योजक त्यांच्या पाठीशी उभे राहिले नाहीत. उलट, याने उगाच गोंधळ घातला, असंही बोलले. २९ ऑगस्ट १९९१ च्या सकाळी घराजवळच त्यांना गोळ्या घातल्या. त्यांच्या पत्नी पीना पुढे सिनेटवर निवडून गेल्या. पण मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त लक्षात राहिली. दरवर्षी त्या तारखेला त्या जागी लाल रंग फवारला जायचा आणि भिंतीवर हाताने लिहिलेला कागद लागायचा. दगडी पाटी नको, कागदच. तो फाटतो, भिजतो, म्हणून दरवर्षी नव्याने लिहावा लागतो.

मग २००४ च्या जूनमध्ये एका सकाळी पालेर्मोतल्या लोकांना खांबांवर, भिंतींवर काळ्या चौकटीचे छोटे कागद चिकटवलेले दिसले. हप्ता देणाऱ्या समाजाला आब उरत नाही, असा त्यांचा मजकूर. चिकटवणारी पोरं विशी-पंचविशीतली. त्यांना खाण्यापिण्याचं दुकान काढायचं होतं आणि खर्चाची यादी करताना हप्त्याचाही आकडा धरावा लागेल, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांच्या चळवळीचं नाव 'आद्दियोपिझ्झो', म्हणजे हप्त्याला रामराम. त्यांची युक्ती ऐका. त्यांनी आधी दुकानदारांना पुढे ढकललं नाही. आधी गिऱ्हाइकांच्या सह्या घेतल्या, हजारो, की जो हप्ता देत नाही त्याच्याकडेच आम्ही खरेदी करू. मग ती यादी घेऊन ते दुकानदारांकडे गेले. २००६ साली पहिली शंभरेक नावं जाहीर झाली. त्या दुकानांच्या दारावर तसा कागद लागतो. पुढे त्यांनी प्रवाशांसाठी सहलीही सुरू केल्या. राहायचं, जेवायचं, बघायचं, सगळं अशाच लोकांकडे.

आणखी एक. १९९६ सालच्या कायद्याने माफियाकडून जप्त केलेल्या जमिनी लोकांच्या उपयोगासाठी देता येऊ लागल्या. त्यांतल्या काहींवर आज सहकारी संस्था गहू पिकवतात, त्याचा पास्ता करून विकतात.

आता आपल्या घरचं. जत्रेत आमच्या गटाचा स्टॉल असतो, घावणे-चटणी आणि कोकम सरबत. तीन वर्षं झाली, संध्याकाळी एक माणूस येतो आणि 'जागेचे' म्हणून तीनशे रुपये नेतो. पावती देत नाही. कोणाचा माणूस, तेही कळत नाही. तिथल्या गोळ्यांची आणि आपल्या तीनशे रुपयांची बरोबरी मी करत नाही. पण ते तीनशे आम्ही वहीत 'किरकोळ' म्हणून लिहितो. ते अक्षर माझं आहे. इतर गटांना हिशोब शिकवणारी मीच, आणि माझ्याच वहीत कोणाची तरी चोच.

यंदा मी पावती मागायचं ठरवलंय. एकटीने नाही. शेजारच्या चार स्टॉलवाल्यांशी बोलले. दोघी तयार आहेत. तिसरी घरी विचारून सांगते म्हणाली. चौथे काका म्हणाले, "आधी तुम्ही मागा, मग बघू." जत्रा पौर्णिमेला आहे. स्टॉलवर घावण्यांबरोबर पानेल्लेही ठेवणार आहोत, आपली हिरवी मिरची घालून.