शाळेतील गारव्याची तपासणी

वातानुकूलन यंत्राचा जन्म माणसाच्या सुखासाठी झाला नाही. १९०२ साली विलिस कॅरियर या अमेरिकी अभियंत्याने ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी त्याची रचना केली. दमट हवेत कागद फुगत असे व रंग एकावर एक नीट बसत नसत. तो ओलावा काढण्याची ही सोय होती. आज संगणक कक्षाच्या निमित्ताने हे यंत्र शाळांतही पोहोचले आहे. ते बसविताना फीत कापली जाते. पुढे मात्र त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

इंग्लंड व वेल्समध्ये या दुर्लक्षावर कायद्याने उपाय योजला आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशातून आलेल्या नियमांनुसार, १२ किलोवॉटहून अधिक शीतनक्षमतेच्या यंत्रणेची तपासणी मान्यताप्राप्त तज्ज्ञाकडून दर पाच वर्षांनी करून घ्यावी लागते. एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट. शिवाय एका इमारतीतील, एकाच व्यवस्थापनाखालील यंत्रांची क्षमता एकत्र मोजली जाते. म्हणजे दीड टनाची तीन यंत्रे असलेली लहानशी शाळादेखील या नियमात सापडते.

हा तपासनीस यंत्र दुरुस्त करीत नाही. खोलीच्या गरजेपेक्षा यंत्र मोठे आहे काय, जाळ्या धुळीने तुंबल्या आहेत काय, बाहेरील भागाला उष्णता टाकण्यास मोकळी हवा मिळते काय, सुटीत यंत्र खरोखर बंद राहते काय, हे तो पाहतो. एकाच खोलीत तापविणारे व थंड करणारे यंत्र परस्परांशी झुंजत असल्याचेही अशा तपासणीत उघड होते. अहवाल नसेल तर दंड आहे. त्यातील शिफारशी अमलात आणण्याची सक्ती मात्र नाही. माझ्या मते हा या नियमाचा लंगडा पाय होय.

आपल्या देशात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०२० पासून तारांकित यंत्रांचे आरंभीचे तापमान २४ अंश ठरवून दिले. एका अंशाने तापमान वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ब्युरोचा अंदाज आहे. परंतु रिमोट ज्याच्या हाती, तो आकडा थेट १८ वर नेतो. त्याने खोली लवकर गार होते हा समज साध्या यंत्रापुरता तरी खोटा आहे; यंत्र केवळ अधिक वेळ चालत राहते.

निवासी शाळेत मात्र मोठा हिशेब पंख्यांचा असतो. जुना पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, बीएलडीसी मोटरचा सुमारे २८. वसतिगृहात शंभर पंखे रोज दहा तास फिरले, तर फरक दिवसाला ४७ युनिटांचा पडतो. देणगीतून व पालकांच्या घामातून आलेला पैसा पुस्तकांवर खर्च व्हावा की मीटरवर, हा प्रश्न येथे आहे.

संगणक कक्षातील यंत्राची जाळी धुण्यास तंत्रज्ञ लागत नाही. मुख्य कळ बंद करून, जाळी काढून नळाखाली धरावी, सावलीत वाळवावी आणि शेजारच्या भिंतीवरील तक्त्यात तारीख लिहावी.