पक्ष्याचा गुडघा कुठे असतो?

आज घरी चिकन असेल, तर लेगपीस खाण्याआधी दोन मिनिटं नीट बघा. पक्ष्याचा गुडघा मागे वाकतो असं वाटतं ना? तो गुडघा नाहीच, तो घोटा! लेगपीसचं मांसल टोक म्हणजे खरा गुडघा, आणि आपण हातात धरतो ते खालचं टोक म्हणजे घोटा.

अशी जुळवाजुळव 1555 सालीच सुरू झाली होती. पिएर बेलों या फ्रेंच अभ्यासकाने माणसाचा आणि पक्ष्याचा सांगाडा शेजारी शेजारी छापला आणि जुळणाऱ्या हाडांना तीच अक्षरं दिली. काही जुळण्या चुकल्या, पण बघायची रीत पडली. ते चित्र लाकडी ठशाचं होतं. पुढे 1575 मध्ये फोल्खर कॉइटर या डॉक्टरने पक्ष्यांचे सांगाडे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले. कोरलेल्या रेषांत शाई भरायची, वरची पुसायची आणि ओलसर कागद दाबायचा. छाप उलटा उमटतो, म्हणून कोरायचंही उलटं. एकेक हाड नीट पाहिल्याशिवाय हात चालणारच नाही!

आता म्हणाल, याचा नगरशी काय संबंध?

संबंध माळढोकाचा. एकेकाळी आपल्या जिल्ह्यातल्या माळरानांवर तो भरपूर होता. रॉबर्ट मॅन्सफिल्ड या एकट्या इंग्रज शिकाऱ्याने 1809 ते 1829 या काळात इथे 961 माळढोक मारल्याची नोंद आहे. आज अख्ख्या देशात उरलेत दीडशेच्या आसपास.

बंदुकीनंतर आता विजेच्या तारांचा धोका आहे. तो कळायला पुन्हा शरीररचनाच लागते. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. त्याच्या आफ्रिकेतल्या भाऊबंदाची नजर शास्त्रज्ञांनी तपासली. तो अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. उडताना खाली पाहायला डोकं झुकवलं, की समोरचं दिसतच नाही, असं त्यात आढळलं. शिवाय अंगाने जड, त्यामुळे ऐनवेळी वळणंही अवघड. म्हणूनच तारा जमिनीखालून न्याव्यात किंवा त्यांच्यावर ठळक खुणा लावाव्यात, असं अभ्यासक सांगतात.

कर्जत-श्रीगोंद्याचा माळ म्हणजे 'नुसती पडीक जमीन' असं कुणी म्हणालं, तर त्याला हे जरूर सांगा. आणि रेहेकुरीला काळवीट बघायला गेलात, तर पक्ष्यांसाठी वही-पेन्सिल न्या. फोटो एका क्लिकमध्ये निघतो. चित्र काढताना मात्र पाय कुठे वाकतो, डोळा कुठे आहे, हे बघावंच लागतं.