मोटारीचा वाळवंटांतील संसार

मोटार घेऊन रस्ता सोडावयाचा, डोंगरांत अथवा नदीकांठीं तंबू ठोकावयाचा आणि शिधासामुग्रीसह चार दिवस तेथेंच काढावयाचे, ही हौस अलीकडे आपल्या घरांतील तरुण मंडळींतही रुजूं लागली आहे. हौसेस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु निघण्यापूर्वीं गाडीवर जे संस्कार होतात ते पाहिले म्हणजे मन साशंक होतें. टपावर लोखंडी सांगाडा, पुढें जाडजूड कठडा, चोहोंकडे दिवे! हें गाडी सिद्ध करणें कीं केवळ शृंगारणें? या प्रश्नाचें उत्तर एका साहसी पुरुषाच्या चरित्रांत सांपडतें.

राल्फ बॅगनोल्ड (१८९६–१९९०) हा ब्रिटिश लष्करांतील अधिकारी. इजिप्तमध्यें नेमणूक असतां रजेच्या दिवसांत, स्वखर्चानें, मित्रांसह तो लिबियाच्या वाळवंटांत शिरूं लागला. १९२९, १९३० व १९३२ सालीं त्यानें मोठ्या सफरी केल्या आणि मोटारींस अगम्य मानलेल्या महावालुकासागरांतून मार्ग काढला. त्याच्या गाड्या कोणत्या? बाजारांत मिळणाऱ्या फोर्ड कंपनीच्या, प्रथम टी व नंतर ए जातीच्या. चारी चाकांस गति देणारी यंत्रणा त्यांत नव्हती. इंजिनाची शक्ति केवळ मागील दोन चाकांस मिळे.

त्याचा पहिला संस्कार वजाबाकीचा होता. जें अनावश्यक, तें त्यानें काढून टाकलें आणि मूळ सांट्याच्या जागीं सामान वाहण्यास सोयीची लांकडी पेटी बसविली. वजन कमी झालें, आणि वांचलेली जागा पाणी व पेट्रोल यांस मिळाली.

दुसरा संस्कार पाण्याचा. त्या काळच्या गाड्यांतील पाणी उन्हांत उकळून वाफेच्या रूपानें निघून जाई. बॅगनोल्डनें ती वाफ नळीवाटे पायरीवर बसविलेल्या, थोडें पाणी भरलेल्या डब्यांत नेली. तेथें ती थंड होऊन तिचें पाणी होई. आणि इंजिन निवल्यावर आंत निर्वातता उत्पन्न होऊन तें पाणी आपोआप परत ओढलें जाई. जेथें पाण्याचा थेंब म्हणजे प्राण, तेथें या साध्या नळीची किंमत केवढी!

तिसरा संस्कार दिशेचा. गाडीच्या लोखंडामुळें चुंबकसूची चळते. म्हणून त्यानें अंश कोरलेली तबकडी व तिच्या मध्यावर उभी सुई, असें सूर्ययंत्र वापरलें. सुईची छाया इष्ट अंशावर ठेवून गाडी हांकावयाची, आणि सूर्य सरकेल तशी तबकडी फिरवून घ्यावयाची. आपल्या ज्योतिषांतील शंकु ज्यांस ठाऊक आहे, त्यांस हें तत्त्व नवीन वाटणार नाहीं.

चौथा चाकांचा. चाक रुतलें कीं त्याखालीं पोलादी पन्हळी पट्ट्या सारावयाच्या; आणि मऊ वाळू लागतांच टायरांतील हवा कमी करावयाची. यांतील गणित शाळकरी मुलासही कळेल. एका चाकावर ११०० पौंड भार असून हवेचा दाब दर चौरस इंचास ३२ पौंड असेल, तर टायर सुमारें ३४ चौरस इंच जमिनीवर टेकतें. दाब १६ वर आणला कीं तेंच क्षेत्र सुमारें दुप्पट होतें, आणि वाळू तो भार साहते. मात्र कठीण रस्ता लागतांच हवा पुनः भरलीच पाहिजे. नाहीं तर टायर तापून फुटण्याचें भय असतें.

हीच विद्या १९४० सालीं त्यानें उभारलेल्या लष्करी पथकाच्या शेव्हरोले ट्रकांस उपयोगी पडली. वाळूच्या गतीवरील त्याचा शास्त्रीय ग्रंथ १९४१ सालीं निघाला. आणि मंगळावरील ज्या टेकड्यांचें क्युरिऑसिटी या यानानें निरीक्षण केलें, त्यांस बॅगनोल्डचेंच नांव दिलेलें आहे.

आतां आपल्या घराकडे वळूं. टपावर भार चढला कीं गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि उतारावर ती कलंडण्याचा संभव वाढतो. यास्तव जड वस्तु खालीं व मध्यभागीं, हलक्या तेवढ्या वर, असा क्रम असावा. टपाची भारमर्यादा गाडीच्या पुस्तिकेंत पाहावी. प्रत्येक माणसामागें पिण्यास व स्वयंपाकास दररोज किमान चार-पांच लिटर पाणी घ्यावें, हवा भरण्याचा पंप व दाबमापक जवळ ठेवावा, आणि निर्जन प्रदेशांत एकट्या गाडीनें जाऊं नये. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीपत्रांतील तपशील निर्मात्याच्या मूळ रचनेहून भिन्न होईल असा बदल करण्यास मनाई आहे. २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही तेंच बजावलें. सुदैवानें वरील सूचनांपैकीं एकीसही गाडी कापावी लागत नाहीं.

मुलगा गाडीवर काय चढवावें हें विचारूं लागला, तर वडिलांनीं त्यास आधीं काय उतरवितां येईल तें विचारावें. अपरिग्रह हा शब्द आपण धर्मग्रंथांत वाचतों. वाळवंटांत त्यावर जीव अवलंबून असतो.