डोंगरावरची धाव आणि रोपवाटिकेचा धडा



विस्तार अधिकारी म्हणजे गाडीतून येऊन बांधावर उभा राहणारा आणि लोकांना सल्ला देणारा माणूस, अशी आपली समजूत असते. ती काही खोटी नाही. पंचवीस वर्षे मी तेच केले. पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरांनी रक्तातली साखर दाखवली आणि म्हणाले, "साहेब, आता जरा स्वतःच्या पायांनी फिरा." दुसऱ्या दिवशी पहाटे सडकेवर गेलो, तो तिथे पोलीस भरतीची पोरे धावत होती. भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते. पोरे पुढे पळत, मी मागून चालत असे. चालता चालता मीही धावू लागलो आणि पोरांचा 'साहेब' होतो, तो 'काका' झालो.

याच संगतीतून गेल्या सप्टेंबरात आम्ही अकराजण लडाखातील लेहला गेलो. एका धावपटू मंडळाने तिथे बारा दिवसांचे शिबिर भरवले होते. "धावायला इतक्या लांब कशाला? इथली सडक काय झिजली?" असे घरच्या मंडळींनी विचारले. प्रश्न रास्त होता.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे 3500 मीटर उंच आहे. आपले कळसूबाईचे शिखर 1646 मीटर. म्हणजे त्याच्या दुपटीहून अधिक. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तिथेही शेकडा 21 एवढेच असते. मात्र हवेचा दाब कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर समुद्रकाठच्या मानाने दोन तृतीयांशच प्राणवायू मिळतो. ही तूट भरून काढण्यासाठी मूत्रपिंडे एक संप्रेरक सोडतात, त्यामुळे हाडांतील मगज तांबड्या पेशी अधिक तयार करतो आणि रक्त जास्त प्राणवायू वाहू लागते. खाली उतरल्यावर काही दिवस त्याचा फायदा होतो. पण याला दोन-तीन आठवडे तरी लागतात, बारा दिवसांत नुसती सुरुवात होते. 1968 साली 2240 मीटर उंचीवरच्या मेक्सिको शहरात ऑलिंपिक झाले. तिथे केनियाच्या उंच मुलखात वाढलेल्या किपचोगे केईनोने 1500 मीटरची शर्यत जिंकली. तेव्हापासून जगभरचे धावपटू सरावासाठी डोंगर जवळ करू लागले.

आमच्या पोरांच्या डोळ्यांसमोर मात्र अविनाश साबळे होता. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा, शेतकऱ्याच्या घरातला हा मुलगा फौजेत गेला, सियाचिनच्या बर्फात राहिला. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने रौप्यपदक मिळवले, तर 2023 साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक.

दिल्लीहून विमानाने सव्वा-दीड तासात लेहला पोहोचलो. शिबिराचा पहिला नियम असा होता, की दोन दिवस धावायचे नाही. पाणी भरपूर प्यायचे, दारू-तंबाखूला हात लावायचा नाही आणि जिनासुद्धा दमादमाने चढायचा. मी वयाने वडील, म्हणून पोरांवर लक्ष ठेवण्याचे काम माझ्याकडे दिले.

मी सावकाश शेते पाहत फिरलो. जवाची काढणी चालली होती. घरांच्या सपाट छपरांवर हिवाळ्यासाठी आपली ओळखीची लसूणघास वाळत होती. तिथे वर्षाकाठी जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडतो. सारी शेती बर्फ वितळून येणाऱ्या पाटाच्या पाण्यावर. हे पाणी पाळीपाळीने वाटणारा माणूस गावच नेमते. त्याला चुर्पोन म्हणतात. दांडग्या शेतकऱ्यालाही त्याचा शब्द मानावा लागतो. ते ऐकून मला कौतुक वाटले. त्याच संध्याकाळी मात्र माझ्याकडची राखण माझ्या हातून सुटली.

आमच्यात माळावरच्या वस्तीचा एक बावीस वर्षांचा पोरगा होता. सर्वांत चपळ. त्याच्या आईने दोन शेळ्या विकून त्याला पाठवले होते, त्यामुळे एकही दिवस वाया घालवायला तो तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणाला, "काका, मला तर काहीच होत नाही. चार किलोमीटर पळून येतो."

त्याची छाती पाहून मला वाटले, माझ्यासारख्याचा नियम या वाघाला कशाला? "जा, पण लवकर ये," असे मी म्हणालो.

रात्री त्याचे डोके ठणकू लागले, उलटी झाली. आपल्याला माघारी धाडतील या भीतीने त्याने कोणाला सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी कोरडा खोकला सुरू झाला. "धुळीनं झालंय," म्हणाला, आणि मी ते मानले. मध्यरात्री पाहतो तो पोरगा अंथरुणात उठून बसलेला, आडवे झाले की श्वास लागतो, ओठ निळसर पडलेले. तसेच त्याला दवाखान्यात नेले. फुप्फुसांत पाणी साठू लागले होते. प्राणवायू लावता लावता डॉक्टरांनी विचारले, "याला धावायला कोणी सांगितले?"

मी म्हणालो, "मी."

आईला फोन मीच केला. तिने शेळ्यांचे नाव काढले नाही, शिबिराचे नाही. एवढेच विचारले, "पोरगं बोलतंय न्हवं?" मी फोन त्याच्या कानाला लावला.

खाटेशेजारी बसलो असताना मला माझीच भाषणे आठवत होती. टोमॅटोचे रोप शेडनेटमधून काढून थेट उन्हात लावू नका. आधी आठवडाभर पाणी कमी करा, सावली हळूहळू काढा, रोप कणखर होऊ द्या. आणि जे रोप सर्वांत लुसलुशीत, तेच आधी मान टाकते. हे मी किती बांधांवर सांगितले असेल! उंचीचेही तसेच आहे. अंगातली ताकद तिथे आधार देत नाही, सवयच आधार देते. उलट ताकदवान माणूस घाई करतो आणि आधी सापडतो.

दोन दिवसांनी डॉक्टरांच्या परवानगीने मी त्याला घेऊन खाली उतरलो. धावण्याच्या शिबिराला गेलेला मी एक किलोमीटरही न धावता परतलो. त्याचे दुःख नाही.

हे लिहिण्याचे कारण असे, की आपल्यापैकी पुष्कळजण यात्रेला जातात. केदारनाथ 3583 मीटर उंच आहे, अमरनाथ 3888 मीटर. हेलिकॉप्टरने तर माणूस काही मिनिटांत वर पोहोचतो. तेव्हा वाटेत मुक्काम करत वर जावे. पहिले दोन दिवस दगदग टाळावी. हृदयाचा, दम्याचा, रक्तदाबाचा त्रास असेल किंवा बाई गरोदर असेल, तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. डोके दुखले, मळमळले, तर लपवू नये आणि आणखी वर चढू नये. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा, नाही तर खाली उतरावे. तिथे एक रात्रही फार मोठी असते.

पोरगा आता बरा आहे. पहिले काही आठवडे नुसता चालला, मग हळूहळू धावू लागला. मी त्याच्या आईकडे गेलो आणि शेळ्यांचे पैसे पुढे केले. तिने ते घेतले नाहीत. चहाची कपबशी पुढे सरकवत म्हणाली, "पैशाचं ऱ्हाऊ द्या, सायेब. पुढल्या बारीला त्यानं कितीबी हट्ट केला, तरी न्हाई म्हणा."