उभ्या गाडीची थरथर

सिग्नलला गाडी उभी राहिली की ती थंडी वाजल्यासारखी कुडकुडायची. आरसा थरथरायचा, दारं खडखडायची आणि दिवा हिरवा व्हायच्या ऐन वेळी इंजिन बंद! मागून हॉर्नचा नुसता गदारोळ. शेजारी बसलेल्या सासूबाई देवाचं नाव घ्यायच्या. त्यांच्या गुडघ्याच्या व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा जावं लागतं आणि रिक्षात चढणं त्यांना जमत नाही. म्हणजे गाडी हवीच.

गाडी माझ्या वडिलांची, १९९७ सालची मारुती ८००. वडील गेले, गाडी माझ्याकडे आली. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं न उघडलं तोच निकाल दिला, "वहिनी, रिंगा गेल्यात. इंजिन खोलावं लागेल. अठरा हजार धरून चला." तूर्तास त्याने एक स्क्रू पिळून इंजिनाचा वेग वाढवून दिला. 'हे' म्हणाले, "विकून टाकू या." माझा जीव खालीवर झाला. अठरा हजार म्हणजे माझे शाळेतले तीन महिन्यांचे पगार! म्हटलं, आधी आपण नीट बघू तर खरं.

मैत्रिणींनो, जुन्या, कार्बोरेटरच्या गाडीचं हे दुखणं बरंचसं घरीच ओळखता येतं. डॉक्टर आधी "कधी दुखतं?" असं विचारतात ना, तसंच इथेही. थरथर गाडी उभी असतानाच होते, की वेगातही धक्के बसतात? वेगातही बसत असतील तर संशय प्लग आणि त्यांच्या वायरींवर. फक्त उभ्या गाडीत होत असेल तर कार्बोरेटरचं बारीक छिद्र तुंबलेलं असेल किंवा कुठून तरी जादा हवा शिरत असेल. आवाज एकसारखा आहे, पण गाडी मात्र हादरते, असं असेल तर इंजिनाखालचे रबरी मांउटिंग बघावेत. माझी गाडी अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शहाण्यासारखी चालायची.

मग प्लग काढले. इंजिन पूर्ण गार असताना आणि एका वेळी एकच, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. प्लगचं टोक म्हणजे इंजिनाची जीभच! बिस्किटी रंग असेल तर तब्येत चांगली. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त होतंय किंवा ठिणगी कमजोर आहे. अशा वेळी एअर फिल्टर धुळीने भरलाय का तेही पाहावं. तेलकट काळा असेल तर ऑइल जळतंय. माझे तिन्ही प्लग पांढुरके निघाले, म्हणजे हवा जास्त. रिंगा गेल्या असत्या तर प्लग तेलकट असते, सायलेन्सरमधून निळसर धूर आला असता. तसं काहीच नव्हतं.

रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरी नुसत्या डोळ्यांनी पाहिल्या. कुठे निळी ठिणगी उडत असेल तर ती वायर बाद. वायरीला हात मात्र लावायचा नाही. माझ्या वायरी ठीक होत्या.

उरली हवा. दोन हात लांब रबरी नळी घेतली, एक टोक कानाशी धरलं आणि दुसरं इंजिनावरच्या एकेका नळीजवळ फिरवलं. कार्बोरेटरखालच्या बारीक नळीपाशी 'स्सस' असा आवाज आला. ती चिमटीत दाबताच थरथर थांबली! नळीला बोटभर चीर गेली होती.

एवढ्याशा चिरेने एवढा गोंधळ कसा? वाटीभर कणकेत चमचाभर पाणी जास्त पडलं तर ती सैल होते. लग्नघरच्या परातीत तेवढं कळतही नाही. उभ्या गाडीत इंजिन वाटीभर हवा घेतं, वेगात परातभर.

साठ रुपयांची नळी बसवली. गॅरेजवाल्याकडून तो स्क्रू पूर्ववत करून घेतला. दुखणं न शोधता वेग वाढवणं म्हणजे ताप न मोजता गोळी देणं.

दोन-तीन गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा. हे सगळं मोकळ्या हवेत करावं. बंद गॅरेजमधला धूर जीव घेतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हॅंडब्रेक ओढलेला. ओढणी, केस, बांगड्या आवरून. पंखा अचानक सुरू होतो. २०२५ पासून देशभर पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून पेट्रोलच्या नळ्या वरचेवर तपासा. आणि कुणी "इंजिन खोलावं लागेल" म्हणालं तर आधी सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून मागा. आकडे दाखवल्याशिवाय होकार देऊ नका.

परवा सिग्नलला गाडी उभी होती. सासूबाई घाबरून म्हणाल्या, "अगं, बंद पडली की काय?" म्हटलं, "नाही हो आई, चालू आहे. आवाज येत नाही, एवढंच."